ठकवणारा कोण?

मराठी माणूस दुसऱ्याला फसवतो की नाही, हा वादाचा विषय होऊ शकेल. परंतु फसवण्याच्या कलेवर त्याच्या भाषेने जेवढे कष्ट घेतले आहेत तेवढे फारच थोड्या कलांवर घेतले असतील, याविषयी वाद संभवत नाही. आपण टोपी घालतो, शेंडी लावतो, गंडा घालतो, चुना लावतो, तोंडाला पाने पुसतो, डोळ्यांत धूळ फेकतो, भूलथापा देतो, बनवतो, गंडवतो, ठकवतो, आणि एवढ्यानेही भागले नाही तर केसाने गळा कापतो! खरे बोलण्यासाठी मात्र आपल्याजवळ 'खरे बोलणे' एवढाच एक साधा प्रयोग. भाषेचे वैभव कुठे खर्ची पडले, हे यावरून कळावे.

या गोतावळ्यात 'ठक' हा शब्द मला वडीलधारा वाटतो. गावाकडची म्हातारी माणसे अजून 'ठकवलं मेल्यानं' म्हणून कपाळाला हात लावतात. 'ठकास महाठक' ही म्हण आम्ही मास्तर लोक मुलांकडून घोकून घेतो. आणि एखाद्याने फारच मोठा हात मारला, म्हणजे वर्तमानपत्रे त्याला 'ठकसेन' ही पदवी बहाल करतात. या पदवीची गंमत पाहा. चित्रसेन, विक्रमसेन, तसा हा ठकसेन! चोराला कोणी चोरसेन म्हणत नाही, खिसेकापूला कोणी खिसेसेन म्हणत नाही. मुकुट मिळतो तो ठकाला. असे का, याचा विचार पुढे करू. आधी शब्दाचे कूळ पाहू. कारण माझे म्हणणे एवढेच आहे की, या शब्दाला कूळ आहे, पण जात नाही. जात आपण त्याला मागाहून चिकटवली, आणि ती चिकटवताना आपणच ठकलो.

मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर. भाषाशास्त्राची पदवी माझ्या भिंतीवर टांगलेली नाही. परंतु कोश वाचायला पदवी लागत नाही. चष्मा लागतो आणि थोडी चिकाटी लागते. मराठीतला 'ठक' आणि हिंदीतला 'ठग' यांचा संबंध कोशकार संस्कृतातल्या 'स्थग' या शब्दाशी लावतात. स्थग म्हणजे धूर्त, कपटी, लबाड. त्याच्या मुळाशी जो 'स्थग्' धातू आहे त्याचा अर्थ झाकणे, लपवणे. 'स्थ'चा 'ठ' होणे ही मराठीला नवी गोष्ट नव्हे. स्थानाचे ठाणे झाले, स्थापण्याचे ठेवणे झाले. म्हणजे 'ठेव' आणि 'ठक' हे दोन्ही शब्द या एकाच वाटेने मराठीत उतरले. आणि पुढेही ठेव जिथे असेल तिथे ठक फार दूर नसतो, हा अनुभव पुष्कळांना आहे! याच धातूपासून 'स्थगित' हा शब्द आला. ज्याचे काम सरकारी कचेरीत वर्षानुवर्षे स्थगित आहे, त्याला आपण ठकवले गेलो असे वाटत असेल, तर व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो अगदीच चुकत नाही.

हे कूळ आणखी दूरवर पसरले आहे. भाषाशास्त्रज्ञ या धातूचे नाते लॅटिनमधल्या झाकण्याच्या धातूशी जोडतात, आणि त्याच लॅटिन धातूपासून इंग्रजीतला 'डिटेक्टिव्ह' निघाला. डिटेक्टिव्ह म्हणजे मूळ अर्थाने झाकण काढणारा. तात्पर्य, ठक आणि डिटेक्टिव्ह ही एकाच आजोबांची नातवंडे आहेत. एक झाकतो, दुसरा उघडतो.

तेव्हा ठक म्हणजे झाकणारा. किती नेमका शब्द आहे पाहा! चोराला अंधार लागतो, दरोडेखोराला शस्त्र लागते. ठकाला तुमचा विश्वास लागतो, दुसरे काही लागत नाही. चोर तुमच्या नकळत नेतो, दरोडेखोर हिसकावून नेतो. ठकाला मात्र तुम्ही स्वतःच्या हाताने देता, वर त्याला चहा पाजता आणि दारापर्यंत पोचवायला जाता. तो आपला हेतू झाकतो, एवढीच त्याची कारागिरी. मग ते झाकण भगव्या कफनीचे असो, खादीच्या टोपीचे असो, गळ्यातल्या टायचे असो की पोलिसाच्या गणवेशाचे असो. या शब्दात क्रिया आहे; क्रिया करणाऱ्याचा बाप कोण, आजा कोण, वस्ती कोणती, हे त्यात कुठेही नाही.

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्र नावाचा एक कवी होऊन गेला. त्याने 'कलाविलास' नावाचे एक उपहासकाव्य लिहिले. त्यात मूलदेव नावाचा धूर्तांचा महागुरू एका व्यापाऱ्याच्या मुलाला जगातली फसवणूक कशी ओळखावी याचे धडे देतो. या शाळेत कोणाकोणाचा अभ्यास होतो? कचेरीतल्या लेखनिकांचा, सोनारांचा, व्यापाऱ्यांचा, वैद्यांचा, ज्योतिषांचा, ढोंगी तपस्व्यांचा! क्षेमेंद्राने ठक शोधायला गावकुसाबाहेरची पाले धुंडाळली नाहीत. तो पेठेत गेला, कचेरीत गेला, मठात गेला. ज्याच्याजवळ झाकायला काही प्रतिष्ठा आहे तोच झाकू शकतो, हे त्या कवीला नऊशे-हजार वर्षांपूर्वी कळले होते. ते आपल्याला कळेनासे झाले, ही आपली प्रगती.

ते कसे झाले, याची हकिकत आता ऐका. 'ठग' हा शब्द उत्तरेत जुनाच आहे. सुलतान जलालुद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीत हजारेक ठग पकडले गेले आणि त्यांना नावांत घालून बंगालकडे लखनौतीला सोडून दिले, असे झियाउद्दीन बरनीने चौदाव्या शतकात लिहून ठेवले आहे. परंतु या शब्दाचे जगभर नाव झाले ते कंपनी सरकारच्या अमलात. विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने जबलपूरला ठाण मांडून 1830 नंतरच्या दशकात ठगांचा बंदोबस्त आरंभला. प्रवाशांशी गोडीगुलाबीने मैत्री करायची, चार मुक्काम सोबत करायचे आणि मग रुमालाने गळा आवळायचा, ही त्या ठगांची रीत सांगितली जाते. पुरावा मुख्यतः माफीच्या साक्षीदारांचा होता. त्यांचा देवीपंथ आणि त्यांच्या शपथा यांत खरे किती आणि साहेबाची कल्पना किती, यावर इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे. खून झाले नाहीत असे कोणी म्हणत नाही. माझे लक्ष खुनांवर नाही, कायद्यावर आहे.

1836 साली जो ठगीविरोधी कायदा झाला, त्याने एक नवीच गोष्ट केली. आरोपीने अमुक माणसाला अमुक दिवशी मारले, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो ठगांच्या टोळीतला होता, एवढे सिद्ध झाले की जन्मठेप आणि सक्तमजुरी. मग तो टोळीत कायद्याच्या आधी होता की नंतर, कंपनीच्या मुलखात होता की बाहेर, यानेही काही फरक पडत नव्हता. म्हणजे 'काय केलेस?' हा प्रश्न मागे पडला आणि 'कोणाचा आहेस?' हा प्रश्न पुढे आला. पुढे 1860 च्या दंडसंहितेतही 'ठग' हा शब्द 310 व्या कलमात व्याख्येसह बसला आणि 30 जून 2024 पर्यंत तिथेच बसून होता. नव्या न्यायसंहितेत ते कलम नाही. विलायतेत गेलेल्या 'ठग' शब्दाची गत तर आणखी मजेची झाली. तिकडे आज त्याचा अर्थ गुंड, आडदांड, मारामाऱ्या करणारा. म्हणजे साहेबाने आमचा शब्द नेला, पण त्यातले झाकण इथेच विसरून गेला!

1836 साली निदान टोळी होती. पस्तीस वर्षांनी, 1871 साली, सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि टोळीच्या जागी जमात आली. या दोन शब्दांतले अंतर नीट लक्षात घ्यावे. टोळीत माणूस सामील होतो. जमातीत तो जन्मतो. टोळी सोडता येते. आईचे पोट कसे सोडणार? या कायद्याने जमातींच्या जमाती सरकारी वहीत गुन्हेगार म्हणून चढल्या. हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे, आणि मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याची तरतूदही पुढे झाली. 1911 च्या कायद्याने हे लोण सगळ्या ब्रिटिश मुलखात, आपल्या मुंबई इलाख्यातही, पोचले. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. तिथल्या त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला. हा कायदा देशभर रद्द झाला तो 31 ऑगस्ट 1952 ला. मधल्या पाच वर्षांना काय म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कायदा गेला, शब्द गेला का? इथे मला आपल्या मराठीला कठड्यात उभे करायचे आहे. 'भामटा' हा शब्द घ्या. कोणताही दिवस, कोणतेही वर्तमानपत्र उघडा. 'भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले', 'भामट्याचा तरुणांना नोकरीच्या आमिषाने गंडा'. लिहिणाऱ्याच्या मनात काही दुष्टावा नसतो. तो आपला मथळ्यात बसणारा शब्द शोधत असतो. परंतु महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावे आहेत आणि त्यांत 'भामटा' हे एक नाव आहे, 'राजपूत भामटा' हे आणखी एक आहे. म्हणजे ज्या शब्दाने आपण ठकाला शिवी देतो, तोच शब्द हजारो माणसांच्या जातीच्या दाखल्यावर तहसील कचेरीच्या शिक्क्यासह छापलेला आहे. 'उचल्या' या शब्दाचीही तीच कथा. लक्ष्मण गायकवाडांनी 1987 साली तीच शिवी उचलून आपल्या आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर ठेवली, आणि पुढच्या वर्षी साहित्य अकादमीने त्या पुस्तकाचा गौरव केला. आपण टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवशी बाजारात पाकीट गेल्यावर पुन्हा तोच शब्द वापरला.

आमच्या शाळेत एकदा घटक चाचणीची प्रश्नपत्रिका बाहेरून छापून आली. इयत्ता आठवी, विषय मराठी. 'पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा' या प्रश्नात चार शब्द होते. तिसरा शब्द 'भामटा'. वर्गात फिरताना पाहिले, तर एका मुलाने बाकी सगळे सोडवून तेवढी जागा कोरी ठेवली होती. हुशार मुलगा, अक्षर मोत्यासारखे. मी विचारले, "हे का सोडलंस?" तो उठून उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "सर, हा शब्द माझ्या दाखल्यावर आहे. त्याचं वाक्य काय करू?"

मी तो शब्द सगळ्या वर्गापुरता रद्द केला आणि सगळ्यांना त्याचा गुण दिला. प्रश्नपत्रिका छापणाऱ्यांना पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. परंतु गुण देऊन तो प्रश्न सुटत नाही. त्या मुलाच्या आधीच्या वाक्यांतले एक वाक्य होते, 'प्रामाणिकपणाचे फळ गोड असते.' ते त्याने न अडखळता लिहिले होते.

आता दुसरी बाजू पाहा. मोठी, अंघोळ केलेली, इस्त्रीचे कपडे घातलेली माणसे जेव्हा ठकवतात, तेव्हा आपली भाषा एकाएकी किती सभ्य होते! तिथे 'घोटाळा' होतो. घोटाळा म्हणजे गोंधळ. जणू बिचाऱ्यांच्या हातून हिशोबाचे कागद वर-खाली झाले. तिथे 'अनियमितता' आढळते. जणू एखादा मुलगा शाळेत दहा मिनिटे उशिरा आला. तिथे 'गैरव्यवहार' होतो, म्हणजे निदान व्यवहार तरी होतोच! पाकीट मारणारा भामटा, आणि बँक मारणारा 'माजी अध्यक्ष'. 1992 साली शेअरबाजारात हजारो कोटींचा जो प्रकार उघडकीस आला, त्यानंतर सगळ्या दलालांची जमात गुन्हेगार म्हणून नोंदवावी, त्यांच्या मुलांची रोज हजेरी घ्यावी, असे कोणी सुचवले का? नाही सुचवले, आणि सुचवले नाही हेच योग्य झाले. मी म्हणतो, तोच न्याय पालातल्या माणसाला का नको?

23 सप्टेंबर 2019 ची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि ठेवीदारांना सांगण्यात आले की आपल्या खात्यातून 1,000 रुपये काढता येतील. मर्यादा पुढे वाढत गेली. पण मुलीच्या लग्नाची, आजारपणाची, म्हातारपणाची पुंजी अडकली ती अडकलीच. जानेवारी 2022 मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवी वर्षानुवर्षांच्या हप्त्यांनी परत देण्याची योजना ठरली. आरोप काय होता? बांधकामाच्या धंद्यातल्या एका उद्योगसमूहाला दिलेली कर्जे हजारो बनावट खात्यांच्या आड झाकली, हा. झाकली! म्हणजे 'स्थग्' धातूचे इतके शुद्ध उदाहरण व्याकरणाच्या पुस्तकातही सापडायचे नाही. तरी त्या प्रकरणी 'ठक' हा शब्द मी कुठे फारसा वाचला नाही. शब्द तिथे हवा होता, तेव्हा तो गावकुसाबाहेर पहाऱ्यावर उभा होता.

आणि 'ठकसेना'च्या मुकुटाचे काय? त्याचाही उलगडा इथेच होतो. मोठ्या ठकाचे आपल्याला आतून कौतुक असते. आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' हे नाटक 1962 साली रंगभूमीवर आले. नावे बदलून, वेष बदलून बायकांना आणि समाजाला ठकवणाऱ्या एका खऱ्या भामट्याच्या (पाहा, माझ्याही लेखणीवर हा शब्द न बोलावता येऊन बसतो! खोडतो, आणि लिहितो: ठकाच्या) खटल्यावर ते आधारलेले होते. प्रभाकर पणशीकरांनी लखोबा लोखंडे असा उभा केला की ते नावच मराठीत ठकाला पर्याय झाले. प्रेक्षकांनी पणशीकरांच्या अभिनयाला टाळ्या दिल्या, त्या देण्यासारख्याच होत्या. परंतु नाट्यगृहाबाहेर पडताना कितीजणांना त्या नाडलेल्या बायकांची नावे आठवत होती? ठकाचे नाव भाषेत गेले. ठकलेल्यांची नावे पडद्याबरोबर खाली गेली.

इथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. कोणी म्हणेल, 'मास्तर, त्या जमातींतली माणसे चोऱ्या करत नव्हती काय? धूर असतो तिथे विस्तव असतोच.' करत होती काही. पोट जाळण्यापेक्षा चोरी करणे कित्येकांना भाग पडले. परंतु ज्याने चोरी केली तो चोर, हा साधा न्याय सोडून त्याच्या पाळण्यातल्या पोरालाही चोर म्हणायचे, हा कुठला विस्तव? दुसरा आक्षेप येईल, 'शब्द बदलून काय होणार?' पुष्कळ होते. जत्रेत पाकीट गेले की पोलिसाची नजर आधी कुठे वळते, ते शब्दच ठरवतो. मालक कोणाला खोली नाकारतो, दुकानदार कोणाच्या हातांवर डोळा ठेवतो, ते शब्दच ठरवतो. तिसरा आक्षेप भाषाप्रेमींचा: 'असे एकेक शब्द गाळत बसलात तर मराठी दरिद्री होईल.' मुळीच नाही! ठक आहे, लबाड आहे, लुच्चा आहे, फसव्या आहे. आणि या सगळ्यांच्या जोडीला 'चारसोबीस' आहे. त्या शब्दावर माझे विशेष प्रेम आहे. दंडसंहितेचे 420 वे कलम फसवणुकीला सात वर्षांपर्यंत कैद सांगत असे. त्यावरून हा शब्द निघाला, 1955 साली राज कपूरने त्याच्यापुढे 'श्री' लावला, आणि 1 जुलै 2024 ला कलम बदलून 318 झाले तरी लोक 420 च म्हणतात. या शब्दाला जात नाही, धर्म नाही, वस्ती नाही. तो राजालाही लागू आणि रंकालाही लागू. शिवी असावी तर अशी लोकशाहीवादी असावी. इंग्रजीतही फसवण्याचा एक क्रियाशब्द जिप्सी लोकांच्या नावावरून आला असे कोशकार मानतात, आणि तिकडचे जाणते लोक आता तो कटाक्षाने टाळतात. त्याने इंग्रजीचे काही अडले नाही.

परंतु सर्वांत मोठी गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. ठकाचे नाव जातीला दिल्याने जातीवर अन्याय होतो, हे झालेच. पण त्याने आपलेही घर बुडते. ठक म्हणजे मळक्या कपड्यांतला, संशयास्पद नजरेचा, अनोळखी माणूस, अशी आपण एकदा समजूत करून घेतली की स्वच्छ कपड्यांतला ठक आपल्या दिवाणखान्यात बिनधास्त येऊन बसतो. आज तर त्याला यावेही लागत नाही. फोनवर चित्र उमटते. चित्रात पोलिसाचा गणवेश, मागे राजमुद्रा, आवाजात दरारा. 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यापुढून हलू नका.' वास्तविक डिजिटल अटक नावाचा प्रकार आपल्या कायद्यातच नाही; 27 ऑक्टोबर 2024 ला खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून हे देशाला सांगितले. तरी माणसे फसतात. का? फाटक्या माणसाला भिण्याचे शिक्षण आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या मिळाले आहे. गणवेशाकडे संशयाने पाहण्याचे मिळालेले नाही.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची अशाच फोनने तीन दिवसांत जन्माची पुंजी गेली. त्यांनी अकरा दिवस ते पोटच्या मुलालाही सांगितले नाही. तक्रारीसाठी 1930 हा क्रमांक आहे. लवकर कळवले तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. पण बाईंनी फोन उचलला नाही. "लोक म्हणतील, मुख्याध्यापिका असून फसली," एवढेच त्या म्हणत राहिल्या.

'फसली.' या एका क्रियापदात सगळा अनर्थ साठला आहे. 'मी फसलो', 'तो ठकला', 'ती गंडली', 'आम्ही बनलो' ही वाक्ये नीट पाहा. या सगळ्यांत कर्ता कोण आहे? ज्याचे गेले तो! ज्याने नेले तो वाक्यात कुठेही नाही. जणू पाऊस पडावा, पान गळावे, तसा माणूस आपोआप फसला. ठकाने आपला हेतू झाकला. राहिलेला ठक आपल्या व्याकरणाने झाकला. मग गावही त्याच व्याकरणाने बोलते: 'फसलाच कसा? एवढा शिकलेला!' लाज वाटते ती गमावणाऱ्याला, आणि कमावणारा नावापुढे 'सेन' लावून मोकळा. क्रियेचे नाव एखाद्या जमातीच्या कपाळी डागले, आणि क्रिया करणाऱ्याला वाक्यातून पळून जाऊ दिले. ही दोन्ही कामे एकाच झाकणाखाली झाली.

वाचकहो, दिवाळीच्या दिवसांत फराळाच्या ताटाशेजारी हा कडू घास मी मुद्दाम ठेवला आहे. कारण याच दिवसांत हाती बोनस असतो, दाराशी नव्या योजना असतात आणि फोनवर नवे आवाज असतात. माझी मागणी मोठी नाही. 'भामटा' हे ज्यांचे नाव आहे, त्यांचे ते नाव त्यांच्याकडे राहू द्या. वर्तमानपत्राच्या मथळ्याला आणि शाळेच्या प्रश्नपत्रिकेला दुसरे पुष्कळ शब्द आहेत. 'ठक' हा शब्द मात्र त्याच्या धन्याला, म्हणजे झाकणाऱ्या माणसाला परत करा. मग तो अध्यक्ष असो, महाराज असो, साहेब असो. आणि शेजारचा कोणी नाडला गेला तर त्याला 'फसलास कसा?' असे विचारू नका.

आम्ही पाचवीच्या वर्गात कर्ता शोधायची एक युक्ती शिकवतो. धातूला 'णारा' जोडायचा आणि 'कोण?' म्हणून विचारायचे. खाणारा कोण? जाणारा कोण? दहा वर्षांच्या मुलाला हे बिनचूक येते. मोठ्यांनी एवढेच विसरू नये. पैसे गेले, ठेव बुडाली, म्हातारी रडत बसली, की पहिला प्रश्न हाच विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावा: ठकवणारा कोण?